कॅप्टनचा मीटर

कॅप्टन जन्मात कधी जहाजावर गेले नव्हते. नोकरी केली ती बसमध्ये तिकिटं तपासण्याची. पण निवृत्तीच्या सुमाराला त्यांनी एक जुनी कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी घेतली, आणि तिच्यात पाय ठेवला की त्यांचा रुबाब असा काही वाढायचा, की शेजाऱ्यांनी त्यांना कॅप्टन करून टाकलं. त्यांच्या बायकोला सगळे मावशी म्हणत. मावशींची उभी हयात लिफ्टच्या कारखान्यात पॅनेलचं वायरिंग करण्यात गेलेली. तरी कॅम्परमधल्या विजेवर हुकूम चालायचा तो कॅप्टनचाच.

कॅम्परमध्ये बॅटऱ्या दोन. एक इंजिन सुरू करायला, दुसरी मागच्या घरासाठी, म्हणजे दिवा, पंखा, फ्रिज यांच्यासाठी. ही दुसरी जुन्या पद्धतीची, जड आणि नाजूक तब्येतीची. तिचा काटेवाला मीटर कॅप्टनच्या उशाशी बसवलेला. काटा जरा खाली आला की कॅप्टन उठून काहीतरी बंद करायचे, आणि ते काहीतरी नेहमी मावशींचं असायचं. वाचायचा दिवा, पंखा, केस वाळवायचं यंत्र. "फ्रिज चालू झाला की काटा खाली येणारच, थांबला की वर जातो," असं मावशी सुरुवातीला सांगून बघत. मग त्यांनी सांगणं सोडलं आणि विचारणं सुरू केलं. पंखा लावू का? दिवा ठेवू का थोडा वेळ? साठी उलटलेली बाई शाळकरी पोरीसारखी परवानगी मागायची.

एवढ्यावर असतं तर मावशींनी मूग गिळले असते. पण एका सहलीत त्यांची आई आजारी होती, आणि त्यांनी संध्याकाळी फोन चार्जिंगला लावला. तेवढ्यात फ्रिज घरघरला. काटा खाली आला. कॅप्टननी फोनची वायर उपटली, कारण फ्रिजमध्ये त्यांची बिअर होती.

फोन रात्रीच बंद पडला. सकाळी इंजिन सुरू झाल्यावर चार्ज होऊन तो जागा झाला. आईचे कॉल येऊन गेल्याचे मेसेज एकाखाली एक पडले, आणि शेवटी भावाचा निरोप, आई गेली म्हणून. मावशी पायरीवर बसून राहिल्या. कॅप्टन जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, उचलला असतास तरी काय झालं असतं?"

त्या वाक्यावर मावशींनी दात धरला. भांडल्या नाहीत, रडल्या त्याही एकट्याच.

मग कॅप्टनचा श्वास झोपेत अडकू लागला. डॉक्टरांनी नाकाला मास्क लावून हवा देणारं मशीन दिलं आणि झोपताना ते लावायचंच अशी ताकीद दिली. जुनी बॅटरी ते मशीन रात्रभर ओढणार नव्हती. एकाएकी कॅप्टनना विजेचा उमाळा आला. "लिथियमची बॅटरी बसवू या. तुला येतं ना ते?"

"येतं की," मावशी म्हणाल्या. इतक्या गोड आवाजात त्या कित्येक वर्षांत बोलल्या नव्हत्या.

त्यांनी जुनं धूड सीटखालून बाहेर ओढलं. निम्म्या वजनाची लिथियम तिथे पट्ट्याने आवळून बसवली. जुना चार्जर तिला मानवत नाही, म्हणून तोही बदलला. इंजिनकडून येणाऱ्या तारेत वेगळा चार्जर टाकला, नाहीतर ही बया इंजिनवर वीज तयार करणाऱ्या आल्टरनेटरचा जीव काढते. कामात कुठेही हात आखडला नाही. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन उशाशी गेल्या आणि मीटर काढला.

"अगं, माझा मीटर?"

"लिथियमला तो कामाचा नाही. काटा शेवटपर्यंत हलत नाही आणि मग एकदम अंधार. आता सगळं फोनवर दिसतं, चालू-बंदही तिथूनच."

"मग माझ्या फोनवर घे."

"पासवर्ड लागतो," मावशी म्हणाल्या. "तो माझा आहे."

दुपारी कॅप्टन मास्क लावून चाचणीला आडवे झाले. मावशी बाहेर घडीच्या खुर्चीत बसल्या. मशीनची घुरघुर नीट लागल्याची खात्री केली आणि फोनवर बोट टेकवलं. घुरघुर थांबली. मास्क हातात घेऊन कॅप्टन धडपडत दारात आले.

"बंद पडलं गं."

"पडलं नाही. मी बंद केलं."

"का?"

"फ्रिज चालू झाला होता."

कॅप्टन मास्क हातात धरूनच पायरीवर टेकले. म्हणाले, "आईंच्या वेळचं अजून मनात आहे का तुझ्या?"

"आहे. आणि राहणार. तुमचा श्वास मी अडकू देणार नाही, घाबरू नका. पण झोपायच्या आधी रोज मला विचारायचं, चालू करू का म्हणून. मी रोज हो म्हणेन. पण विचारायचं."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर घरी झोपायचं. कॅम्परमध्ये नाही."

त्यानंतरच्या पहिल्या सहलीला जेवणं झाली, भांडी धुऊन झाली. कॅप्टननी दोनदा उशी झटकली, पाणी प्यायलं, उगाच खिडकीचा पडदा सारखा केला. मावशी पुस्तकातून मान वर काढेनात. शेवटी ते मास्क हातात धरून त्यांच्यासमोर उभे राहिले.

"मशीन चालू करू का?"

तो दबका, आधीच नकार धरून चाललेला आवाज मावशींनी लगेच ओळखला. त्या स्वतः इतकी वर्षं याच आवाजात बोलत आल्या होत्या. नवऱ्याच्या तोंडून तो ऐकताना आपल्याला वाईट वाटेल, अशी त्यांना भीती होती.

वाटलं नाही. त्यांनी हातातलं पान पूर्ण वाचलं आणि मग हो म्हटलं.