टप नसलेली मोटार

आमच्या आईला गाडी लागायची. साधीसुधी नाही. बालाघाटच्या स्टँडवर बसचं दार उघडून आतला वास बाहेर आला की ती पदर तोंडाला लावायची. लिंबू झालं, आवळा झाला, पोटावर वर्तमानपत्र बांधून झालं. छोट्या लाईनच्या रेल्वेचा धूर तर बसपेक्षा वाईट. तिचं माहेर खैरलांजीजवळच्या एका खेड्यात. अंतर काही फार नव्हतं, पण तिथं पोचेपर्यंत तिचा असा चोळामोळा व्हायचा की मामा तिला धरून उतरवायचा आणि ती थेट खाटेवर आडवी. डोकं वर काढेपर्यंत परतीच्या बसची धास्ती सुरू. बैलगाडी तिच्या कंबरेला सोसत नव्हती. शेवटी तिनं जाणंच सोडलं. तिकडे आजीचे गुडघे गेलेले, तिला अंगणाबाहेर पडवत नव्हतं. मायलेकींची भेट होऊन वर्षं लोटली होती, आणि आजी आता थकत चालली होती. तिकडचं कुणी आलं की आईचे प्रश्न संपत नसत.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत नवी नवी मास्तरीण झाले होते, आणि जगातल्या सगळ्या गोष्टी मलाच कळतात असं माझं मत होतं. एकदा आम्ही बैहरला एका लग्नाला गेलो, तेही कुणाच्या तरी उघड्या जीपमधून. घाटातल्या वळणांवर आम्ही सगळे कडेला धरून बसलो होतो आणि आई चक्क लग्नाची गाणी म्हणत होती! घरी येताच मी जाहीर केलं, "आईला गाडी लागत नाही. बंद गाडी लागते. आपण उघडी मोटार घ्यायची."

बाबा वकील. पुराव्याशिवाय त्यांना काही पटायचं नाही, पण गाणी त्यांनीही ऐकली होती. कॉलेजात असताना नागपूरला मित्राच्या मोटारीवर त्यांचा हात बसला होता आणि ती हौस मनात होतीच. दुसऱ्या दिवसापासून कोर्टात अशिलाला आधी मोटारींबद्दल विचारायचं आणि मग खटल्याबद्दल, असा प्रकार सुरू झाला.

बैहरच्या त्या जीपवाल्यानं हात जोडले. जीप गेली तर जंगलातली कामं गेली, म्हणाला. गावातले एक डॉक्टर मोटार विकणार होते, पण ती वरून पत्र्यानं बंद. मी मनापासून विचारलं, "हा वरचा पत्रा कापून काढता येईल का?" डॉक्टर त्यानंतर कितीतरी दिवस रस्त्यात माझ्याकडे बघत नव्हते. मग एका अशिलानं बातमी आणली: लामत्याला एका जुन्या मालगुजारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, विलायती मोटार आहे, वर कापडी टप, हवा तेव्हा पाडता येतो. मालगुजारी गेल्यापासून उभीच आहे. त्या रात्री मला झोप आली नाही. खोटं कशाला सांगू, बाबांनाही आली नाही.

रविवारी आम्ही दोघं लामत्याला गेलो. मालगुजारांनी गोठ्याशेजारची कोठी उघडली. भाताच्या तणसाच्या ढिगाशेजारी ती उभी होती. हिरवी, लांबलचक, डोळ्यांसारखे दोन मोठे दिवे, आणि मागच्या सीटवर अंड्यांवर बसलेली कोंबडी. मला ती इतकी आवडली की मी तिथंच उडी मारायची बाकी होते.

आणि इथं बाबांनी घात केला. मोटार घ्यायला आलेला माणूस चार शब्द कौतुकाचे बोलेल की नाही? बाबांनी उलटतपासणी सुरू केली. शेवटची कधी चालली? दिव्याची काच फुटली कशी? पायदान कुणी वाकवलं? मालगुजार कानाच्या पाळीपर्यंत लाल होत चालले. शेवटी बाबांनी वर बोट दाखवलं. तिथं टपाच्या नुसत्या लोखंडी फासळ्या होत्या. कापड उंदरांनी केव्हाच खाल्लेलं.

"आणि टप? टप कुठे आहे?"

"वकील साहेब," मालगुजार म्हणाले, "तुमाले मोटार घ्याची हाये का माह्यावर खटला चालवाचा हाये? नाही विकाची मले. या आता."

समोर आलेलं ताट असं उचललेलं मला बघवेना. मी मोठ्यांच्या मध्ये बोलले.

"आम्हाला टप नकोच आहे जी! आईला बंद गाडी लागते. माहेरी जाता येत नाही तिला. तिची आई म्हातारी झालीये. म्हणून उघडी मोटार शोधतोय."

तेवढ्यात अंगणापलीकडच्या स्वयंपाकघराच्या दाराआडून आवाज आला. त्यांच्या पत्नी आतून सगळं ऐकत होत्या.

"देऊन टाका जी."

"तू काहून मंधात बोलून राह्यली?"

"मी एकडाव बसली होती तिच्यात. वरून टप, चारी बाजूनं पडदे. माह्या माहेरापर्यंत ओकत गेलती मी."

मालगुजार दाराकडे वळले. "मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी पुढं बसले होते. मांगं पाहाले तुमाले फुरसत कोठं होती?"

बाबा हसू दाबायला मोटारीच्या पलीकडे गेले. मालगुजारांनी घसा खाकरला, कोंबडी स्वतः उचलून खाली ठेवली आणि म्हणाले, "घेऊन जा." आम्ही निघताना बाई दारापर्यंत आल्या आणि मला बजावून म्हणाल्या, "पोरी, नवा टप शिवू नको हो."

मोटार चालू होणं हा निराळा तमाशा. मिस्त्री आला, सामान आलं, बैल जोडून ती रस्त्यावर ओढली. इंजिन असं काही फटफटलं की बैल उधळले आणि धुरातून बाबांचं फक्त हसणं ऐकू आलं. बालाघाटात शिरलो तेव्हा माझी अर्धी शाळा मागे धावत होती. असा आनंद मला पुढे पगारवाढीचाही झाला नाही.

खैरलांजीच्या वाटेला लागलो ती सकाळ थंडीची होती. आई पुढे बसली. मुठीत लिंबू, डोळे गच्च मिटलेले. वैनगंगेचा पूल आला तसा वारा तोंडावर आला. मी मागून तिच्याकडे बघत होते. एवढं करूनही तिला लागली तर? वारासिवनी मागे पडली. तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. कापलेल्या धानाची शेतं बघितली. मग बाबांकडे वळून म्हणाली, "अवो, काहून इतक्या हळू चालवून राह्यले? सायकलवाले पुढं जाऊन राह्यले!"

मी मागच्या सीटवर टाळ्या पिटल्या. लाज सोडून.

गावात धूळ उडवत शिरलो. मामा सवयीप्रमाणे तिला धरून उतरवायला धावला. अंगणात त्यानं खाट टाकून ठेवली होती, वर उशी. आजी जोत्यावर बसलेली, भिंतीला धरून उठायची धडपड करत होती.

"आणा रे तिले. निजवा. बोलू नका कोणी."

आईनं दार स्वतः उघडलं. खाटेला वळसा घालून ती सरळ आजीपुढे जाऊन उभी राहिली आणि चांगलं खणखणीत म्हणाली,

"माय, मले भूक लागली."

आजी बघतच राहिली. मग तिनं मामाला हाक मारली आणि रडत रडत म्हणाली, "अरे, चूल पेटवा. खाईन म्हणते पोरगी माही."