दोरीपलीकडची मशीन

वडनेर भोलजी गावच्या जिनिंग कारखान्यात शेषराव मिस्त्रींनी चाळीस वर्षं एकच मशीन सांभाळली. कापसातून सरकी काढणारी, मालकाच्या पणजोबांच्या काळात अमेरिकेतून आलेली. दर दसऱ्याला ते तिला झेंडूचा हार घालत, आणि चप्पल घालून कुणी जवळ आलं तर अंगावर धावून जात. परवा मालकानं ती भंगारात काढली. परक्या हातानं फुटायला नको म्हणून घण मिस्त्रींनीच उचलला.

आज अमेरिकेत शिकणाऱ्या नातीनं, छकुलीनं, तिथल्या एका लहानशा गावाच्या म्युझियममधून व्हिडिओ कॉल लावला. गावातला पहिला छापखाना, पहिलं नाटकघर असं दाखवत ती पहिल्या कारखान्याच्या दालनात शिरली, आणि मिस्त्री खाटेवरून ताडकन उठले. तीच मशीन! लख्ख पुसलेली, भोवती दोरी.

"हात लावून पाह्य ना, बाई."

"लावू देत नाहीत, आबा. ही बंद हाय. चालू मशीन जगात कुठंच राह्यली नाही म्हणतात. मी सांगतलं, आमच्या आबाची चालते! म्युझियमवाल्याईले तिचा आवाज ऐकाचा हाय. कधी ऐकवता?"

मिस्त्रींनी तळहाताकडे पाहिलं. घणानं आलेले फोड अजून ओले होते.