गल्लीने वाटून घेतलेलं कौतुक

त्या सोमवारी ‘हुपरी पैंजण’ असं सर्च केल्यावर पहिल्या पानावर येणारी एक वेबसाइट दिसेनाशी झाली. मंगळवारी तिची मालकीण आमच्या पोलीस ठाण्यात आली. नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो. हे नाही.

बाई हुपरीतल्या चांदी कारागिरांच्या घरातली थोरली सून. वेबसाइट तिनेच उभी केली होती आणि तिच्या ऑर्डरवर अख्खी गल्ली काम करायची. लग्नसराई तोंडावर असताना ऑर्डर बंद पडल्या होत्या. सोबत सासरे होते. ते टोपी हातात धरून बाकावर बसले होते.

“साहेब, माझ्या जावंनंच केलंय हे,” ती म्हणाली. “वेगळी निघाली, आता तिचीबी वेबसाइट हाय. लिहून घ्या की तिचं नाव!”

मी तक्रारी अर्ज घेतला, पोच दिली आणि सायबर शाखेला कळवलं. ठाण्यात आलेला माणूस बहुतेक वेळा घटना कमी आणि संशय जास्त सांगतो. दोन्ही वेगळे काढण्यात निम्मा तपास जातो.

सायबर शाखेतल्या सहकाऱ्याचा फोन आला. “सर, वेबसाइटला कुणी हात लावलेला नाही. दुकानावर एकदम ढीगभर खोटे रिव्ह्यू पडलेत. सर्च कंपनीला ते कळलं, म्हणून दुकान खाली ढकललं.”

“बदनामी केलीय?”

“नाही सर. तारीफ. सगळे पाच तारे.”

एखाद्याला बुडवायला कुणी असंही करू शकतं, हे मला तेव्हा कळलं. महिला अंमलदाराला घेऊन मी धाकट्या जावेच्या घरी गेलो. प्रश्न ऐकून ती उसळली.

“मी? थोरलीला पाच तारे? साहेब, एक देतानाबी माझा हात थरथरंल!”

अंमलदार बाईंनी रुमाल तोंडाला लावला. मला हा जबाब पुरेसा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कसबा बावड्यातल्या आमच्या घरी, चहा घेताना मी ते अभिप्राय पत्नीला वाचून दाखवले. आम्ही दोघंही वाचणारे. तिने फोन माझ्या हातातून घेतला.

“ही गिऱ्हाइकं नव्हेत,” ती म्हणाली. “एकजण नुसत्या कड्यांच्या जोडाबद्दल लिहितो, दुसरा नुसत्या घुंगरांबद्दल, तिसरा पॉलिशबद्दल. पैंजण घेणारी बाई पायात घालून चालून बघते. चालण्याबद्दल एकानेही लिहिलेलं नाही.”

हुपरीत एक पैंजण पुरा व्हायला तीन-चार घरं फिरतो. कड्या एका घरात जुळतात, घुंगरं दुसऱ्या घरात लागतात, पॉलिश तिसरीकडे. मी तडक त्या गल्लीत गेलो आणि सासऱ्यांसमोर बसलो.

“मामा, पॉलिशवाल्याला काय लिहायला सांगितलं होतं?”

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. “त्याला पॉलिशच म्हाईत. तेवढंच लिवलं त्यानं.”

“म्हणजे तुम्ही वाटून दिलंत?”

“व्हय. सूनबाईच म्हणालेली, चांगलं लिवून आलं की दुकान वर जातंय. पैंजण तरी एका घरात कुठं हुतोय साहेब? म्हटलं, हेबी वाटून द्यावं.” मग हळूच म्हणाले, “ह्यात गुन्हा हाय व्हय?”

दारात सून उभी होती. “अवो मामा, दुकान बुडवलासा की!” म्हणून ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. समोरच्या दारातून धाकटी ओरडली, “आता माझ्या नावाचा अर्ज मागं घ्या की, बाईसाहेब!”

थोरलीने डोळे पुसले. “घेते की. आधी चहाला ये.”

गल्लीने आपापलं कौतुक काढून टाकलं. सुनेने घडलं ते कंपनीला कळवलं. मी अर्ज निकाली काढला. पत्नीने मात्र त्या दुकानातून एक जोड मागवला, दिवसभर घालून घरात वावरली, आणि मग अभिप्राय लिहिला. त्या प्रकारानंतर दुकानाला आलेला तो पहिला खरा अभिप्राय. पुढे गिऱ्हाइकांचे आले. वेबसाइट हळूहळू वर आली.

नुकसान झालं की आपण वैरी शोधतो. मीही तेच केलं असतं. त्यानंतर मात्र प्रत्येक तपासात मी एक प्रश्न वाढवला: यांचं भलं व्हावं असं कुणाला वाटत होतं?

पत्नीला जाऊन वर्ष झालं. पैंजण कपाटात आहेत. वेबसाइट पहिल्या पानावर आहे, आणि तिथे तिने लिहिलेलं आहे: “आवाज बेताचा. घरात वाचत बसलेल्या माणसाला त्रास होत नाही.”