तानबाचं विनवणं

कचेरीच्या फाटकाबाहेर तानबा अर्ज लिहून द्यायचा. एक टेबल, दोन स्टुलं, वर मेणकापड. बत्तीस वर्षं. बाकीचे अर्जवाले 'विनंती आहे' लिहून मोकळे व्हायचे. तानबा 'पदर पसरून विनविते' लिहायचा, आणि पार वडनेरवरून बाया त्याचंच टेबल शोधत यायच्या.

"विनंती म्हंजे उभ्याउभ्या सांगतली गोष्ट," तो समजावी. "विनवणं वायलं, बाई. अभंगात भक्त देवाले काय करते? विनवते. लावणीत नार रुसल्या राजाले काय करते? विनवते. मंग साहेब काय देवाहून लहान हाये?"

अर्ज झाला की तो मोठ्यानं वाचून दाखवी. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर कागद फाडून नवा घेई. असा पक्का कारागीर. आत त्या कागदांचं काय होतं, तेवढं मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये नोटीस लागली: फाटकापुढची टेबलं तीन दिवसांत हटवा. बाकीच्यांनी गुमान हटवली. तानबानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी अर्ज लिहायला घेतला. चार कागद फाडले, पाचव्याला स्वतःच रडला, आणि तिसऱ्या दिवशी आत गेला.

अर्ज घेणारे बाबू हेमराज. पहिली ओळ वाचली अन् ओरडले, "अबे या ना सारे! तानबाजीचा अर्ज आला. खुद्द त्यायचाच!" मग त्याच्याकडे वळून, "काका, तुमच्याच तोंडून होऊ द्या. आमी तं रोज चहाच्या टायमाले तुमचेच अर्ज वाचून राह्यलो."

चला, ओळख तर आहे, असं तानबाला वाटलं. अर्ज पाठच होता.

"चरणी माथा ठेवून विनवितो, की या म्हाताऱ्यास या टेबलाविना दुसरे घरदार नाही..."

"वा! 'विनवितो' जरा लांबवा ना, काका."

त्यानं लांबवलं. भोवती जमलेल्यांचे मोबाईल वर झाले.

"हात जोडा," शेजारच्या टेबलावरच्या आकांक्षा मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "व्हिडिओ चांगला येते."

त्यानं जोडले. दुसऱ्यांदा म्हणताना खिडकीबाहेर ट्रॅक्टर थांबला. दोन माणसांनी त्याचं टेबल उलटं करून ट्रॉलीत फेकलं.

"बाबू, माहं टेबल..."

"अर्ज माह्या हातातच हाये ना, काका? काऊन घाबरता?" हेमराज म्हणाले. "पह्यले हे वरच्या मजल्यावरचे आले, त्यायले ऐकवा."

ट्रॉली रस्त्याला लागली. तानबानं घसा खाकरला आणि तिसऱ्यांदा सुरू केलं. या खेपेला आवाज खरोखरच छान लागला होता.