अर्ज सरांची सही

घाटंजीच्या बाजारओळीत संगणकाचा क्लास चालवणाऱ्या आमच्या सरांकडे कीबोर्डाला हात लावण्याआधी अर्ज लिहावा लागे. 'मी खाली सही करणारी, या यंत्राचं कुलूप तोडून पाहू इच्छिते, तरी परवानगी असावी.' त्यावर सर सही करत. गावाने त्यांचं नावच अर्ज सर ठेवलं होतं.

तोडायची असत ती ऑनलाइन सरावाची यंत्रं, घुसखोरी शिकता यावी म्हणून मुद्दाम कच्ची ठेवलेली. तिथे परवानगी आधीच असते, मग हे सोंग कशाला, अशी आमची कुरकुर. सर म्हणत, "दार उघडं दिसलं म्हणून कोणाच्या घरात शिराचं नसते, बाई. अर्जानं हाताले थांबाची सवय लागते."

एखादं यंत्र दोन दोन दिवस दाद द्यायचं नाही. मी रडकुंडीला आले तरी सर उत्तर सांगत नसत. खारे दाणे पुढे सरकवत आणि कुठे कुठे शोधलं ते वहीत लिहायला लावत. त्यांचा माझ्यावर फार भरवसा होता.

तोच मी मोडला. एका दुपारी अर्जांच्या गठ्ठ्यात मी एका कॉलेजच्या खऱ्या वेबसाइटचं नाव घातलं. अर्ज माझा, म्हणून सरांनी न वाचता सही केली. मी आत शिरले, गुणांची यादी पाहिली आणि मैत्रिणींत मिरवलं. आठवड्याभरात पोलीस क्लासात आले. फाइलीत तो अर्ज सापडला.

"सही माही हाये," सर म्हणाले. "मीच सांगतलं होतं तिले. पोरीले कायले विचारून राह्यले?"

मी मान खाली घालून उभी राहिले. भित्रीच होते मी.

संगणक जप्त झाले, क्लासला कुलूप लागलं. सरांवरचा खटला अजून चालू आहे. मला मात्र पुण्यात याच कामाची, परवानगी घेऊन कंपन्यांची कुलपं तोडून पाहायची, नोकरी आहे.

यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत सरांच्या घरी, त्यांच्या बंजारा तांड्यावर गेले. कोर्टात खरं सांगते, असं म्हणायला गेले होते. ओट्यावर बसल्यावर कापसाच्या भावाचंच बोलत राहिले. मग लॅपटॉपवर सरावाचं एक यंत्र उघडलं, जुन्याच शब्दांत अर्ज लिहिला आणि पेन पुढे केलं. या वेळी सरांनी ओळीखाली बोट धरून अर्ज शेवटपर्यंत वाचला. कागद घडी घालून माझ्या हातात दिला.

"माही सही आता कुठं चालत नाही, बाई."