लझरने न मोजलेले आकडे

ट्युनिशियातल्या तताउईनच्या दक्षिणेला खाणीवर, चौकीवर किंवा दवाखान्यावर उपग्रहाकडे तोंड करून डिश उभी दिसली, की ती लझर झुआरीनेच बसवलेली असणार. टीव्हीची डिश कोणीही बसवतं. लझरच्या डिशा नुसत्या ऐकत नसत, वर बोलतही असत. अशी डिश सुरू करण्याआधी तपासून द्यावी लागते. वर उपग्रह एकमेकांच्या शेजारी असतात, आणि डिशचा पत्रा जरा वाकडा असला तरी तिचं बोलणं शेजारच्या उपग्रहावर सांडतं. म्हणून डिश थोडी थोडी डावीउजवीकडे फिरवायची, बाजूला किती सांडतंय ते मोजायचं, तक्त्यात आकडे भरायचे आणि खाली सही करायची. गेली सव्वीस वर्षं ही सही लझरची होती.

मार्चमध्ये जिप्समच्या खाणीवर नवी डिश आली. ट्रकवरून उतरवताना दोर निसटला आणि तिची कड फळीवर आदळली. लझरने लाकडी हातोड्याने पत्रा सरळ केला, वरून तळहात फिरवला आणि मान डोलावली. वारा सुटला होता, डोळ्यांत वाळू जात होती. मोजणीला चार तास लागले असते. खाणीचा व्यवस्थापक हमादी दर पाच मिनिटांनी येऊन विचारत होता, "उस्ता, अजून किती?"

लझरच्या पिशवीत गेल्या वर्षीचा, याच बनावटीच्या दुसऱ्या डिशचा तक्ता होता. त्याने तेच आकडे उतरवले. हुबेहूब दिसू नयेत म्हणून दोन ठिकाणी किंचित बदल केले. मग सही केली.

तीन आठवड्यांनी बीर झरीबच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. तिथली परिचारिका शेदलिया रुग्णांच्या हृदयाचे आलेख शहरातल्या डॉक्टरांकडे पाठवायची, आणि तिची लाइन सारखी तुटत होती. लझर पोचला तेव्हा पाच वाजत आले होते आणि बाकावर सात-आठ माणसं बसली होती. त्याने यंत्र उघडलं, तर लाइन व्यवस्थित चालू.

"आत्ता आली," शेदलिया म्हणाली. "सकाळी सातला जाते, साडेचारनंतर येते. रविवारी मात्र दिवसभर असते."

"म्हणजे तुमची लाइन रविवारीच कामावर येते म्हणा की!" लझर म्हणाला. बाकावरची माणसं हसली. मग त्याचं लक्ष नुकत्याच आवळलेल्या तारेच्या जोडाकडे गेलं. "हे कोणी केलं?"

"मी. सैल वाटला म्हणून."

"बाई, सुया टोचायचं शिकलात ना? मग तेवढंच करा. यात हात घालायला इथे माणसं ठेवलीत."

शेदलियाचा चेहरा उतरला. लझरने अहवालात लिहिलं, 'कर्मचाऱ्याने यंत्र हाताळल्यामुळे बिघाड.'

आणखी दहा दिवसांनी सरकारी पत्र आलं. दक्षिणेतल्या कुठल्यातरी डिशमुळे शेजारच्या उपग्रहाला त्रास होतोय, सह्या करणाऱ्या सगळ्यांनी आपापल्या डिशा पुन्हा तपासाव्यात. लझर जेवता जेवता वाचत होता. त्रासाची वेळ सकाळी सात ते साडेचार, रविवार वगळून. खाणीचा भोंगा याच वेळांना वाजतो, आणि दवाखान्याची लाइन त्याच शेजारच्या उपग्रहावरून जाते. घास हातातच राहिला.

"हरिसाचं तिखट जास्त झालं का?" मन्नूबियाने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"नाही गं. बरं आहे सगळं," तो म्हणाला आणि ताट सारून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खाणीवर जाऊन त्याने डिश बंद केली आणि शेदलियाला फोन लावला. "लाइन आहे का?"

"अगंबाई, आत्ता आली! काय केलंत, उस्ता?"

फोन ठेवून त्याने डिश पुन्हा सुरू केली आणि तो मोजायला बसला. दोन्ही बाजूंचे आकडे परवानगीच्या कितीतरी वर होते.

हा नवा तक्ता घेऊन तो ट्युनिसच्या कार्यालयात गेला. समोरच्या इंजिनिअर बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी गेल्या वर्षीचा आणि मार्चमधला असे जुने दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले आणि बोट टेकवलं. "हे दोन आकडे मुद्दाम बदललेत का?"

"हो."

त्या रागावल्या नाहीत, फक्त लिहून घेतलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. खाणीची डिश बदलायचा हुकूम निघाला आणि लझरची सही दोन वर्षांसाठी काढून घेतली.

बीर झरीबला तो मुद्दाम सकाळी गेला, बाक भरलेला असताना. उभ्यानेच बोलला. "त्या दिवशी मी यांना तुमच्यासमोर बोललो. यांचं काही चुकलं नव्हतं. लाइन माझ्यामुळे तुटत होती. मी खाणीवरची डिश न मोजता सही केली होती."

शेदलियाने खणातून एक कागद काढला. त्याच्या अहवालावरून तिला मिळालेली लेखी ताकीद होती ती.

"तोंडी नको," ती म्हणाली. "माझ्यावर कागदानेच आलंय. तुम्हीही कागदावरच द्या." मग म्हणाली, "आणि हाजी मिलूदना भेटा. त्यांचा आलेख गेला नाही. मला वाटलं पोटातला वायू असेल. नव्वद किलोमीटर जीपमधून नेलं, तेव्हा कळलं हृदयाचा झटका होता. वाचले. पण आता चढण चढवत नाही, शेळ्या विकल्या."

त्याने तिच्याच टेबलावर बसून सगळं लिहून दिलं. ताकीद चार महिन्यांनी मागे घेतली गेली.

मिलूद दारात उन्हाला बसले होते. लझरने त्यांना सगळं सांगितलं, डिश, पत्रा, सही, सगळं. म्हाताऱ्याला त्यातलं निम्मंही समजलं नसावं.

"एवढ्या लांबून मला बघायला आलास बाळा," ते म्हणाले आणि सुनेला हाक मारली, "अगं, खजूर आण, ताक आण!"

"हाजी, तुम्हाला कळलं नाही. माझ्यामुळे..."

"कळलं रे. पत्रा वाकला. पत्र्याचं काय घेऊन बसलास? खा."

लझरने एक खजूर तोंडात घातला. म्हातारा त्याच्याकडे मायेने बघत होता, आणि लझरला त्याच्या नजरेला नजर देता येत नव्हती.