करदोडा सोडला तेव्हा

शौचाला रक्त पडत होतं आणि मी वर्षभर मूळव्याध समजून घरगुती औषधांवर ढकलत राहिलो. शरमेपायी बायकोलासुद्धा बोललो नाही. शेवटी तपासणीत मोठ्या आतड्याच्या खालच्या टोकाला गाठ निघाली. हृदय आधीच अधू, त्यामुळे मोठं ऑपरेशन झेपणार नव्हतं. दुर्बीण घालून लेसरनं गाठ जाळायची, एवढाच मार्ग डॉक्टरांनी ठेवला. दर शनिवारी मारुतीला तेल वाहणारा मी, पण लेसरच्या दिवशी पुंडलिकनगरच्या घरातून निघताना देवघराकडं पाहिलंही नाही.

दवाखान्यातल्या मावशींनी हिरवा गाऊन दिला. "कंबरेचा करदोडा बी काढा काका. अंगावर काहीच नको." मी हटून बसलो. आमच्या सोयगावकडच्या घरात पुरुषाचा करदोडा उतरतो तो तिरडीवरच. वडिलांचा मीच तोडला होता. तेव्हा दोरा त्यांच्या कातडीत रुतला, ते मला अजून छळतं. करदोडा निघाला की मी टेबलावरून उठणार नाही, हे मनानं पक्कं धरलं. मावशी कात्री आणायला गेल्या आणि मी घरी पळायला चपला शोधू लागलो.

"कुठं निघाला बापू?" शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कधी आले, कळलंच नाही. का कोण जाणे, मी त्यांना वडिलांचंही सगळं सांगून टाकलं. ते हसले. "माझा बी पोरानंच तोडला. लई थरथरत व्हता बिचारा. मला काय बी दुखलं नाय."

मी करदोड्यावरचा हात बाजूला घेतला. त्यांनी सावकाश दोरा सोडवून माझ्या मुठीत ठेवला. त्यांची बोटं माठातल्या पाण्यासारखी गार होती.

टेबलावर सुई टोचल्यावर त्यांचं बोलणं ध्यानात आलं. पोरगा करदोडा तोडतो तो मेलेल्या बापाचा. अंगावर सर्रकन काटा आला, तरी पळावंसं वाटलं नाही. मारुतीराया, आता तुझ्यावर सोडलं, म्हटलं आणि डोळे मिटले.

नंतर मावशींना विचारलं. "त्या खाटेवर सकाळपासून कुणीच नाय काका," म्हणाल्या. गाठ जाळायला तीन खेपा लागल्या. आता ती नाही, तपासणीला मात्र जावं लागतं.

ते कोण होते, याची चिकित्सा मी करत नाही. जन्मभर देवाकडं मागत आलो. त्या दिवशी नुसता हात बाजूला घेतला आणि न मागता मिळालं. आठवलं की डोळे भरून येतात. त्यांचा मुलगा कुठं भेटला तर त्याचे हात धरून सांगेन, बाबा रे, तुझ्या वडिलांना काही दुखलं नाही.